१००० यार्डांवर .३०८ रायफलच्या स्कोपचं एलेव्हेशन (नेम वर-खाली करायची हद्द) संपतं, नवीन स्कोप घ्यावा का?

नका घेऊ, स्कोप बदलायची काही गरज नाही. तुम्ही लिहिलंय की एकूण ट्रॅव्हल ६० एमओए (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०० यार्डांवर साधारण १.०४७ इंच), १०० यार्डांवर झिरो (म्हणजे तिथे नेम आणि गोळी एकाच जागी), स्कोपखाली साधी सपाट रेल (स्कोप बसवायची पट्टी), आणि हजारासाठी टरेट (नेम वर-खाली करायची चकती) फिरवला की मध्येच अडकतो. अडकणारच हो, ६० म्हणजे वर ३० आणि खाली ३०, आणि १७५ ग्रेनची गोळी २६०० फूट प्रति सेकंदाच्या आसपास असेल तर हजाराला ३८-४० एमओए लागतात. खालचे ३० नुसते पडून आहेत तुमचे.

२० एमओएची उतरती रेल घ्या. मागे जाड, पुढे पातळ असते, त्यामुळे स्कोपचं तोंड जरासं खाली झुकतं आणि क्रॉसहेअर टार्गेटवर ठेवला की नळी आपोआप तेवढी वर जाते. आता वर साधारण ५० आणि खाली १० उरतात, म्हणजे १०० चा झिरो पण शाबूत. ४० ची मात्र लावू नका, १०० वर झिरोच होणार नाही. आणि जाड बाजू मागेच आहे ना ते दोनदा बघा, मी पहिल्यांदा उलटी बसवली आणि इथे ओहायोत रेंजवर अख्खी सकाळ गेली, झिरो काही केल्या होईना.

खरं काम पुढे आहे, स्कोप सरळ बसवणं. लोक इथे घाई करतात. ४० एमओए लावल्यावर फक्त १ अंश कलला तरी हजार यार्डांवर गोळी ७ इंच बाजूला जाते आणि आपण वाऱ्याला दोष देत बसतो. मी रायफल रिकामी करून, बोल्ट काढून स्टँडवर लेव्हल करतो, २५ यार्डांवर दोरीला वजन बांधून गवंड्यासारखा ओळंबा सोडतो आणि क्रॉसहेअरची उभी रेघ त्या दोरीवर आणतो. मग स्कोप धरणाऱ्या रिंगचे स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे, टॉर्क रेंचनेच (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना), कंपनीने दिलेल्या आकड्यापर्यंत. आवळताना स्कोप हमखास फिरतो म्हणून दोरी परत बघायची.

शेवटी १०० यार्ड टेपने मोजून उंच कागद लावा, खालच्या ठिपक्यावर नेम धरून ३० एमओए वर लावा, गोळ्या बरोब्बर ३१.४ इंच वर आणि ठिपक्याच्या सरळ वरच्या उभ्या रेघेवर लागल्या पाहिजेत. कागद लांब लागतो, मी वॉलपेपरची गुंडाळी उलटी करून वापरतो.