दुरुस्ती न होताच बंद झालेली तक्रार

प्रश्न : मागच्या दिवाळीत आम्ही गावातल्या दुकानातून दोन दारांचा फ्रिज घेतला. सहा महिन्यांतच खालचा कप्पा गार होईनासा झाला. सकाळी तापवून ठेवलेले दूध संध्याकाळी नासते आणि वर मात्र मागच्या बाजूला बर्फाचा थर चढतो. कंपनीकडे तक्रार नोंदवल्यावर तंत्रज्ञ आला, ‘पार्ट मागवावा लागेल’ म्हणाला आणि निघताना माझ्या मोबाइलवर आलेला ओटीपी विचारून घेतला. तो जिना उतरतो न उतरतो तोच ‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा संदेश आला. असे तीनदा झाले. दुकानदार म्हणतो, कंपनीशी बोला. वॉरंटी संपायला तीन आठवडे उरले आहेत. काय करावे?
— एक वाचक भगिनी, कराड

उत्तर : आपले पत्र वाचताना मला सर्वांत जास्त राग आला तो त्या ओटीपीचा. आपण तो भाबडेपणाने दिलात, कारण तो कशासाठी आहे हे आपल्याला कोणी सांगितलेच नाही. काम पूर्ण झाले अशी ग्राहकाची संमती म्हणून तो घेतला जातो आणि त्यामुळे कंपनीच्या नोंदीत आपली एक चिघळलेली तक्रार दिसत नाही, तर वेळेत मिटलेल्या तीन वेगवेगळ्या तक्रारी दिसतात. तक्रार ठरावीक मुदतीत बंद दाखवण्याचा दबाव त्या तंत्रज्ञावरही असतो, हे मान्य. पण त्याची किंमत आपण का मोजावी? यापुढे फ्रिज आपल्यासमोर गार होऊन दाखवल्याखेरीज ओटीपी देऊ नका आणि ‘पार्ट मागवला आहे’ हे त्याच्याकडून कागदावर तारखेसह लिहून घ्या.

वॉरंटी संपण्याची धास्ती बाळगू नका. दोष वॉरंटीच्या काळात उद्भवला आणि त्याच काळात कळवला, हे दाखवता आले म्हणजे पुरे. म्हणून आजच बिल, वॉरंटी कार्ड, तिन्ही तक्रारींचे क्रमांक आणि ते ‘निवारण झाले’चे संदेश एकत्र करा, ते संदेश पुसू नका, कारण एकाच दोषासाठी तीनदा यावे लागले याचा तोच पुरावा आहे. मग कंपनी आणि दुकानदार अशा दोघांच्याही नावे सविस्तर पत्र लिहा, पंधरा दिवसांची मुदत द्या आणि ते ई-मेलने तसेच स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती जपून ठेवा. दुकानदाराने हात वर केले म्हणून तो सुटत नाही. बिल त्याने दिले आहे, तेव्हा तक्रारीत त्यालाही सामील करता येते.

त्याबरोबरच 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे मराठीतही बोलता येते. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, परंतु तिथून विचारणा गेली की एरवी दाद न देणाऱ्या अनेक कंपन्या हलतात. तेवढ्यानेही भागले नाही, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहता त्याच जिल्ह्याच्या, म्हणजे साताऱ्याच्या, ग्राहक आयोगाकडे जाता येते. कंपनीचे मुख्यालय कुठेही असो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकील देण्याची सक्ती नाही आणि ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची आहे. साधारण तीन महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागल्यास पाच महिन्यांत, निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात पुष्कळदा याहून अधिक काळ जातो, तेवढी मनाची तयारी ठेवा. दुरुस्ती, बदली किंवा किमतीचा परतावा यांबरोबर झालेल्या त्रासाची भरपाईही मागा.

प्रश्न : एसटी स्थानकाजवळच्या दुकानात पाण्याच्या बाटलीवर ‘थंड करण्याचे’ दोन रुपये जास्त घेतात. मी हरकत घेतली, तर मागे उभे असलेले ग्राहकच म्हणाले, ‘काका, दोन रुपयांसाठी कशाला सगळ्यांचा खोळंबा?’ माझे चुकले का?
— एक ज्येष्ठ वाचक, नाशिक

उत्तर : मुळीच चुकले नाही. छापील कमाल किमतीत सर्व कर धरलेले असतात आणि गार करण्याच्या नावाखाली दुकानदाराला त्यावर एक रुपयाही घेता येत नाही. 2011 च्या आवेष्टित, म्हणजे बंद पॅक केलेल्या, वस्तूंच्या नियमांत तसे स्पष्ट आहे. बसून खाण्याच्या हॉटेलांची गोष्ट वेगळी, कारण तिथे सेवाही दिली जाते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये म्हटले आहे. आपण सांगता ते दुकान त्यात बसत नाही.

मागच्या लोकांचे बोलणे मनाला लागले असेल. ज्यांचे दोन रुपये पुढच्याच क्षणी जाणार होते त्यांनीच आपल्याला गप्प करावे, याचे मलाही वाईट वाटले. मात्र त्यांना बस गाठायची असते, हेही खरे. म्हणून रांगेत वाद घालू नका. पैसे यूपीआयने द्या, म्हणजे रक्कम आणि वेळ दोन्हींची नोंद राहील. बाजूला होऊन बाटलीवरच्या किमतीचा आणि दुकानाच्या पाटीचा फोटो काढा आणि जिल्ह्याच्या वैधमापनशास्त्र, म्हणजे वजनमापांवर देखरेख ठेवणाऱ्या, कार्यालयाकडे लेखी तक्रार द्या. 1915 वरही ती नोंदवता येते, आणि ती बसमध्ये बसल्यावर केली तरी चालते.