आईला मिरजेत एनसीव्ही-ईएमजी (नसा आणि स्नायू नीट काम करतात का ते बघायची) तपासणी सांगितली आहे. खूप दुखतं का?

एनसीव्हीत हातापायाला पट्ट्या चिकटवून बारीक शॉक देतात. टचकन बसतो, बोट आपोआप उडतं, झालं. ईएमजीची सुई मात्र टोचते. ती स्नायूत असताना "मूठ आवळा" म्हणतात, तेव्हा मशीन खरखरतं. आईंना आधीच सांगून ठेवा, नाहीतर दचकतील. भूल नाही, उपाशीपोटी जाणंही नाही. अर्धा ते एक तास धरा. त्या दिवशी अंगाला तेल-क्रीम नको. पेसमेकर किंवा रक्त पातळ करणारी गोळी असेल तर डॉक्टरांना सांगा, गोळी मनानं बंद करू नका. आणि थंडीत तासगावहून पहाटेच्या एसटीनं निघणार असाल तर हात शालीत ठेवायला लावा. गार हाताच्या नसेतून संदेश हळू जातो, रिपोर्ट उगीच खराब येतो. सुईची जागा एखाद-दोन दिवस ठणकेल, एवढंच.