आईचा गुडघा पुण्यात, तुम्ही न्यू जर्सीत: रजा तिसऱ्या आठवड्यासाठी राखा

गुडघा बदलायची तारीख ठरली की परदेशातली मुलं ऑपरेशनच्या दिवसाचं तिकीट काढायला धावतात. आमचं मत वेगळं आहे. दोनच आठवडे रजा मिळणार असेल तर ती ऑपरेशननंतर साधारण बाराव्या दिवसापासून घ्या. हॉस्पिटलात सर्जन, नर्स, फिजिओ, मामा-मावश्या सगळे हजर असतात. रात्री थांबायला जवळचं एक माणूस पक्कं केलं की ते दिवस निभतात. खरी पंचाईत नंतर होते. दहा ते चौदा दिवसांत टाके निघतात, भेटायला येणारे ओसरतात, गोळ्यांचा डोस उतरतो, पण रात्रीचं दुखणं हटत नाही. "उगाच केलं ऑपरेशन" हे तेव्हाच ऐकू येतं.

ते नुसतं वैतागाचं बोलणं समजू नका. जखम भरताना सांध्याभोवती चिवट तंतू तयार होतात. पहिल्या सहा आठवड्यांत गुडघा पुरेसा वाकवला आणि पूर्ण सरळ केला नाही तर तो आखडतो, आणि काहींना पुन्हा भूल देऊन वाकवून घ्यावा लागतो. घाबरलेला माणूस नेमकं हेच टाळतो. पाय आवळून धरतो, त्यामुळे जास्त दुखतं, मग आणखी घाबरतो.

ताण जखमेपर्यंतही पोचतो. अमेरिकेतल्या ओहायोत झालेला एक अभ्यास 1995 साली प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची सेवा करणाऱ्या स्त्रियांच्या हातावर 3.5 मिलिमीटरची जखम केली होती; ती भरायला इतर स्त्रियांपेक्षा सरासरी नऊ दिवस जास्त लागले. ती जखम गुडघ्याची नव्हती हे खरं, पण त्या स्त्रिया रुग्णही नव्हत्या, शुश्रूषा करणाऱ्या होत्या. तेव्हा रात्रपाळीला नर्सिंग ब्युरोच्या मावशी लावा आणि बाबांना झोपू द्या.

फोनवर पहिला प्रश्न "दुखतंय का?" हा नको. दुखतंच. दिवसातून चारदा तेच विचारलं की आईचं सगळं लक्ष दुखण्यावर खिळतं. त्यापेक्षा जमिनीवर चिकटपट्टी लावायला सांगा: आईने खुर्चीत बसून टाच मागे सरकवायची, जिथे थांबेल तिथे पट्टी आणि तारीख. आठवड्यातून एकदा बाजूने व्हिडिओ मागवा. गुडघा दोन आठवड्यांच्या आसपास 90 अंश वाकावा आणि सहा ते बारा आठवड्यांत 110-120 अंश हा ढोबळ अंदाज; ऑपरेशनआधीच गुडघा कमी वाकत असेल तर उद्दिष्ट सर्जनना विचारा. शेजारच्या काकू दहाव्या दिवशी जिना चढल्या, ही तुलना घरात कोणालाही करू देऊ नका.

प्रेमापोटी होणारी मोठी चूक म्हणजे गुडघ्याखाली उशी. बरं वाटतं, पण पाय अर्धवट वाकलेलाच राहायची सवय लागते. उशी टाचेखाली हवी. वेदनाशामक व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास, व्यायामानंतर कापडात गुंडाळलेला बर्फ 15 ते 20 मिनिटं. पुण्यात सकाळी 8 म्हणजे उन्हाळ्यात न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेदहा. त्या वेळी व्हिडिओवर सोबत बसा, सूचना देऊ नका, त्या फिजिओ देतील.

सूज आणि कोमटपणा काही महिने राहू शकतो, हे आधीच सांगून ठेवलं की निम्मी भीती जाते. ताप, जखमेतून पू किंवा पोटरी दुखून सुजली, तर त्याच दिवशी सर्जनना कळवा; धाप लागली किंवा छातीत दुखलं तर थेट हॉस्पिटल. पहिल्या दोन-तीन दिवसांत अचानक असंबद्ध बोलणं सुरू झालं तर त्याला मनाचा कमकुवतपणा म्हणू नका. तो वैद्यकीय प्रश्न आहे. डॉक्टरांना लगेच सांगा. भान टिकावं म्हणून चष्मा, श्रवणयंत्र आणि घड्याळ आईच्या हाताशी ठेवा.

आपल्याकडची ज्येष्ठ मंडळी "मला नैराश्य आलंय" असं म्हणत नाहीत. "जेवण जात नाही", "जीव घाबरतो" म्हणतात. ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्यांनीही मळमळ आणि बद्धकोष्ठता होते, म्हणून आधी ते तपासून घ्या. मग दोन गोष्टी विचारा: गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही असं किती दिवस झालं? उदास, निराश किती दिवस वाटलं? मुळीच नाही 0, काही दिवस 1, निम्म्याहून जास्त दिवस 2, जवळजवळ रोज 3. बेरीज 3 किंवा अधिक आली तर डॉक्टरांना दाखवा. आधीपासून मनाच्या आजाराची गोळी चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका, पण सर्जन आणि भूलतज्ज्ञांना तिचं नाव जरूर सांगा. काही गोळ्या ट्रामाडॉलबरोबर चालत नाहीत.

मांडी घालून पूजेला बसता येणार नाही, हे बहुतेकींना ऑपरेशननंतर कळतं आणि मनाला लागतं. ते आधीच बोला, आणि देव्हारा खुर्चीच्या उंचीवर आणून ठेवा. मनाच्या त्रासासाठीची सरकारची टेली-मानस फोनसेवा 14416 वर मराठीतही बोलते. हा नंबर भारतातून लावायचा असतो, म्हणून तो आईच्याच फोनमध्ये साठवून द्या.