एकट्याने खेळून वॉरगेम किती दिवस पुरतो?

प्रश्न: मॉडर्न लढाईचा वॉरगेम घ्यायचाय, पण सोबत खेळायला कुणी नाही. कम्प्युटरशी दोनदा खेळलं की शत्रू कुठे दडलाय ते पाठ होतं म्हणतात, खरंय का?

उत्तर: ते गेमवर आहे हो. कॉम्बॅट मिशन शॉक फोर्स २ घ्या, २००८च्या सीरियातली काल्पनिक लढाई, त्यात कम्प्युटर मिशन बनवणाऱ्याने आखून दिलेल्या प्लॅनवर चालतो. प्लॅन एकच असेल तर दुसऱ्या खेपेला तुम्हाला माहीतच असतं की डावीकडच्या गच्चीवरून आरपीजी (खांद्यावरून डागायचं रॉकेट) येणार, मग आधीच तिथे तोफा डागायच्या, मजा खल्लास. जास्त प्लॅन असले तर तीच गच्ची रिकामी निघते आणि मागच्या गल्लीतून मार बसतो! क्विक बॅटलपण आहे, म्हणजे आपणच सैन्य वगैरे निवडून झटपट लढाई लावायची, पण हल्ला करताना कम्प्युटर अगदीच बावळट वागतो असं माझं मत, त्याला बचावच द्या.

एकट्यासाठी मी आर्मर्ड ब्रिगेड सांगेन, शीतयुद्धाचा काळ, १९६५ ते १९९१, मोठ्या नकाशातला हवा तो तुकडा निवडायचा, साल-हवामान बदलायचं की नवी लढाई तयार. ग्राफिक्स मात्र साधंच, सगळं वरून बघायचं.