एक जूनचे वाढदिवस आणि वर फेकलेला चेंडू

गेल्या अंकात आम्ही यूट्यूबवरील कुतूहलाच्या व्हिडिओंविषयी, म्हणजे विज्ञान, गणित किंवा मानसशास्त्रातील एखादा विलक्षण प्रश्न घेऊन दहा-वीस मिनिटे त्याचा पाठपुरावा करणाऱ्या व्हिडिओंविषयी, वाचकांचे प्रश्न मागवले होते. सोलापूर शहरातून आलेली चार पत्रे या वेळी घेत आहोत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा मुलगा नववीत आहे. शाळा आणि क्लास आटोपला की रोज दीड-दोन तास तो असे व्हिडिओ पाहतो. जेवताना तो कृष्णविवरांवर आणि अनंतावर इतके बोलतो की त्याचे बाबा ताटावरून उठून जातात. “आई, मला सगळे कळले आहे,” असे तो म्हणतो आणि मलाही ते खरे वाटते. परंतु चाचणी परीक्षेत बल या प्रकरणावर त्याला वीसपैकी सात गुण मिळाले. हे पाहणे बंद करावे का?
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, बंद करू नका. मात्र “कळले” या त्याच्या शब्दावर लगेच विश्वासही ठेवू नका. तो खोटे बोलत आहे असे मुळीच नाही. कळल्याची ही भावना मोठ्या माणसांनाही तितक्याच सहजपणे चकवते.

‘व्हेरिटॅसियम’ हे चॅनेल तुमच्या मुलाने नक्की पाहिले असेल. ते सुरू करणारे डेरेक मुलर यांनी २००८ साली सिडनी विद्यापीठातून पीएच.डी. मिळवली, आणि भौतिकशास्त्र शिकवणारे व्हिडिओ कसे असावेत हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. त्यांनी काही विद्यार्थ्यांना नीटनेटके, सरळ स्पष्टीकरण देणारे व्हिडिओ दाखवले. विद्यार्थ्यांना ते सोपे आणि स्पष्ट वाटले, आपल्या उत्तरांविषयीचा त्यांचा विश्वासही वाढला, पण चाचणीतील गुण जवळजवळ होते तेथेच राहिले. दुसऱ्या गटाला दाखवलेल्या व्हिडिओंत आधी लोकांच्या मनातील चुकीची समजूत बोलून दाखवली होती आणि मग तिच्याशी वाद घालून ती खोडून काढली होती. हे व्हिडिओ विद्यार्थ्यांना गोंधळात टाकणारे वाटले, तरीही गुण वाढले ते याच गटाचे. पाहणारा आपलीच जुनी समजूत मनात धरून बसलेला असतो, सरळ स्पष्टीकरण त्या समजुतीला धक्का न लावता वरून निघून जाते, आणि आपण जे आधीपासून मानत होतो तेच व्हिडिओत सांगितले असे त्याला प्रामाणिकपणे वाटत राहते, असे यामागील कारण आहे.

याची प्रचीती घरच्या घरी घेता येईल. मुलाच्या हातात चेंडू द्या, तो सरळ वर फेकायला सांगा आणि विचारा, की हातातून सुटलेला चेंडू वर जात असताना त्याच्यावर कोणकोणती बले कार्य करीत असतात. बहुतेक जण उत्तर देतात, की हाताने दिलेले बल त्याला वर नेत असते, ते हळूहळू संपते आणि मग गुरुत्वाकर्षण जिंकते. हे उत्तर ऐकायला अगदी रास्त वाटते आणि पूर्णपणे चुकीचे आहे. हात सुटल्या क्षणापासून, हवेचा किंचित विरोध सोडला तर, चेंडूवर एकच बल असते आणि ते खाली ओढणारे असते. वर जाताना, सर्वोच्च बिंदूवर क्षणभर थांबताना आणि खाली येताना ते सारखेच असते. हाताने दिला तो वेग, आणि वेग म्हणजे बल नव्हे. तुमच्या मुलाने गतीचे नियम सांगणारे दहा व्हिडिओ पाहिले असतील आणि तरीही तो पहिलेच उत्तर देईल असा माझा अंदाज आहे. तसे झाल्यास त्याला हसू नका. माझे स्वतःचे उत्तर महाविद्यालयात जाईपर्यंत तेच होते.

मानसशास्त्रज्ञांनी या फसव्या भावनेचा स्वतंत्र अभ्यासही केला आहे. येल विद्यापीठातील लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक काइल यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना आधी विचारले, की चेनची झिप किंवा संडासाचा फ्लश कसा चालतो हे तुम्हाला किती समजते. लोकांनी स्वतःला बऱ्यापैकी गुण दिले. मग तेच टप्प्याटप्प्याने लिहून काढायला सांगितल्यावर त्यांची लेखणी अडली, आणि स्वतःला दिलेले गुण त्यांनी स्वतःच कमी केले.

म्हणून दोन तासांपैकी अर्धा तास कमी करून तो वेळ कोऱ्या कागदाला द्या. व्हिडिओ संपल्यावर मोबाइल बाजूला ठेवून, आठवेल तेवढे आकृतीसह लिहून काढावे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ सालच्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवत होते. आठवड्यानंतर मात्र पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवले, तर न पाहता आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ५६ टक्के. मुलगा कुरकुर करील, कारण कोरा कागद व्हिडिओइतका गोड बोलत नाही.

प्रश्न : मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. नातवाने दाखवलेल्या एका व्हिडिओत सांगितले होते, की तेवीस माणसे एकत्र आली तर त्यांतील दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. वर्षाचे दिवस ३६५ आणि माणसे तेवीस, तेव्हा हे मला पटेना. म्हणून मी आमच्या शाळेतील जुन्या सहकाऱ्यांची यादी काढली. एकवीस जणांत चौघांची जन्मतारीख एकच निघाली, ती म्हणजे १ जून! गणित इतके खरे ठरावे याचे आश्चर्य वाटते.
— एक वाचक, बाळीवेस

उत्तर : गुरुजी, गणित खरे आहे, परंतु आपल्या यादीने ते सिद्ध केलेले नाही. आपली यादी गणितापेक्षा अधिक गमतीची आहे.

आधी गणित पाहू. आपले मन हा प्रश्न ऐकताच “माझ्या वाढदिवसाशी कोणाचा जुळेल?” असा त्याचा अर्थ लावते. त्या प्रश्नाचे उत्तर खरोखरच लहान आहे: उरलेल्या बावीस जणांत आपला जोडीदार सापडण्याची शक्यता सुमारे सहा टक्केच असते. मूळ प्रश्न मात्र कोणत्याही दोघांविषयी आहे. तेवीस जणांत पहिला उरलेल्या बावीस जणांशी जोडी करतो, दुसरा एकवीस जणांशी, आणि असे करीत एकूण २५३ जोड्या होतात. प्रत्येक जोडीला जुळण्याची ३६५ मध्ये एक संधी असली तरी अशा अडीचशे संधी मिळाल्यावर शक्यता ५०.७ टक्क्यांवर जाते. पन्नास मुलांच्या वर्गात ती ९७ टक्के होते. प्रार्थनेनंतर प्रत्येक वर्गात तारखा विचारल्या, तर क्वचितच एखादा वर्ग कोरा राहील.

या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, की वर्षातील सर्व दिवस सारखेच संभाव्य आहेत. आपल्या पिढीच्या शाळेच्या दाखल्यांना ते लागू होत नाही. घरी जन्माची नोंद नसे, आई “नागपंचमीच्या आसपास” एवढेच सांगे, आणि शाळा जूनमध्ये सुरू होत असल्याने वयाचा हिशेब बसावा म्हणून नाव घालून घेणारे गुरुजी १ जून लिहून मोकळे होत. आपल्या यादीतील चौघांचा जन्म त्या दिवशी झाला नसून त्यांचे शाळेत येणे त्या दिवशी ठरले, असे म्हणावे लागेल. तारखा अशा एका ठिकाणी गोळा झाल्या, की जुळण्याची शक्यता गणिताने सांगितल्यापेक्षा वाढतेच. खरी परीक्षा घ्यायची असेल तर नातवाच्या वर्गाची यादी घ्या. दवाखान्यात जन्मलेल्या मुलांच्या तारखांवर गुरुजींचा हात फिरलेला नसतो.

प्रश्न : मी चादरीच्या कारखान्यात कामाला आहे. संगणकाचा जन्म मागावर नक्षी उठवणाऱ्या आमच्या जकार्डातून झाला असे एका व्हिडिओत दाखवले. हे खरे आहे का, की उगाच रंगवून सांगतात?
— एक कारागीर, अक्कलकोट रस्ता

उत्तर : निम्मे खरे आहे. फ्रान्समधील ल्योन येथील जोसेफ मारी जकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास ही यंत्रणा तयार केली. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेचे काम आपण आमच्यापेक्षा चांगले जाणता: जेथे भोक असेल तेथे सुई आत जाते, तिचा हूक वर उचलला जातो आणि त्याला बांधलेला ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उठतो, जेथे भोक नाही तेथे धागा खालीच राहतो. मग आडवा धागा घेऊन धोटा जातो आणि नक्षीची एक ओळ पूर्ण होते. भोक आहे किंवा नाही, या दोनच खुणांत संपूर्ण चादरीची नक्षी साठवता येते, ही कल्पना विलक्षणच आहे. इंग्लंडचे चार्ल्स बॅबेज यांनी १८३० च्या दशकात आखलेल्या गणनयंत्रासाठी असेच पुठ्ठे वापरण्याचे ठरवले होते, परंतु ते यंत्र त्यांच्या हयातीत पूर्ण झाले नाही. अमेरिकेत हर्मन हॉलेरिथ यांच्या भोकांच्या कार्डांनी १८९० च्या जनगणनेची मोजदाद झाली.

परंतु जकार्ड बेरीज करीत नाही, आणि मध्येच धागा तुटला म्हणून पुढचा पुठ्ठा कोणता घ्यायचा हेही ठरवीत नाही. आलेल्या निकालावरून पुढची पायरी निवडणे हा संगणकाचा प्राण आहे, आणि मागावर ते काम आपण करता. तेव्हा जकार्डाला संगणकाचा जन्मदाता न म्हणता मामा म्हणावे. व्हिडिओवाल्यांना मामापेक्षा बाप सांगणे अधिक सोयीचे वाटते, इतकेच.

प्रश्न : मी आठवीत आहे. आजोबा म्हणतात की मे महिन्यात रोज दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर असतो. व्हिडिओत सांगितले, की तो वर्षातून दोनच दिवस बरोबर डोक्यावर येतो. कोणाचे खरे?
— एक विद्यार्थिनी, होटगी रस्ता

उत्तर : व्हिडिओचे. सोलापूर विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे १७.७ अंशांवर आहे आणि सूर्य उत्तरेकडे २३.४ अंशांपर्यंत जाऊन परत फिरतो. त्यामुळे तो आपल्यावरून दोनदा जातो, एकदा १० ते १२ मेच्या दरम्यान आणि दुसऱ्यांदा ऑगस्टच्या पहिल्या काही दिवसांत. आजोबांना एक गोष्ट जरूर सांग, त्यांना ती आवडेल: या दोन तारखांच्या मधल्या काळात सूर्य दुपारी आपल्या उत्तरेला असतो, म्हणून तेव्हा सावली दक्षिणेकडे पडते. आणि बारा वाजता पाहू नकोस. आपली घड्याळे ८२.५ अंश रेखांशावरून लावलेली आहेत आणि सोलापूर त्याच्या सुमारे साडेसहा अंश पश्चिमेला असल्याने आपली मध्यान्ह उशिरा होते. मे महिन्यात ती बारा वाजून तेवीस मिनिटांच्या आसपास येते. ऑगस्टमध्ये ढगांचा भरवसा नसतो, म्हणून मे महिन्यातच गच्चीवर ओळंब्याने सरळ केलेली काठी उभी कर आणि सव्वाबारापासून दर दोन मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडूने खूण करीत जा. गच्ची तापलेली असेल, चप्पल घालून जा.