नागपूरचा कंटेनर रेल्वेने न्हावा शेव्याला पाठवताना

जहाजाच्या तारखेवरून नको, गेट कट-ऑफवरून, म्हणजे बंदरातल्या टर्मिनलवर कंटेनर आत घेण्याच्या शेवटच्या वेळेवरून, दिवस उलटे मोज. टर्मिनलचं दार जहाज सुटण्याच्या बरंच आधी बंद होतं. कंटेनर बाहेर राहिला की पुढचं जहाज, बहुधा आठवड्याने.

वाटेत इगतपुरी-कसारा घाटाचा 1:37 उतार आहे, तिथे ब्रेक तपासूनच मालगाडी सोडतात. पुढे कल्याणला लोकलच्या गर्दीच्या वेळी ती बाजूला उभी राहते. पण खरा वेळ खातं ते बंदर. 45 वॅगनच्या रेकवर (जोडलेल्या वॅगनच्या अख्ख्या गाडीवर) वीसफुटी 90 कंटेनर मावतात. ते वेगवेगळ्या टर्मिनलचे असले, तर तुझा कंटेनर भलत्याच टर्मिनलवर उतरतो आणि ट्रेलरने हलवावा लागतो. म्हणून डेपोत बुकिंग करतानाच विचार: रेक एकाच टर्मिनलचा की मिश्र? भरायला किती कंटेनर बाकी? अर्धा रिकामा रेक उभाच राहतो.

व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन) आणि शिपिंग बिल (कस्टमचा निर्यातीचा कागद) रेक सुटण्याआधी उरकून घे. हाताशी दोन-तीन दिवस मोकळे ठेव. कट-ऑफला 24 तास उरलेत आणि गाडी अजून भुसावळलाच असेल, तर शिपिंग लाइनकडे उशिरा प्रवेशाची परवानगी तेव्हाच लेखी माग.