सुईच्या टोकाएवढी जखम, पण थेट ऑपरेशन

प्रश्न : मिहानमधल्या विमानदुरुस्ती हँगरमध्ये टेक्निशियन आहे. हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर विमानाचे भाग हलवणाऱ्या यंत्रणेच्या) पाइपच्या नटाजवळ ओल दिसली म्हणून बोट फिरवलं, तर सुई टोचल्यासारखं झालं. रक्ताचा एक थेंब आला, दुखत नाही. धुऊन भागेल का? शिवाय लॉकवायरनं (नट-बोल्ट सैल होऊ नयेत म्हणून पिळून बांधायच्या तारेनं) बोटं रोज सोलतात. हातमोजे घालावेत का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : तुम्हाला फोनवर लगेच सांगितलंच आहे. इतरांसाठी इथे लिहितो : धुऊन भागत नाही, दुखत नसलं तरी त्याच तासाला रुग्णालय गाठायचं.

बहुतेक प्रवासी विमानांच्या हायड्रॉलिकमध्ये दाब ३००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) असतो, मोटारीच्या टायरच्या जवळपास शंभरपट. बारीक भेगेतून निघालेली धार कातडी भेदून स्नायुबंधाच्या आवरणातून तळहातापर्यंत पसरते. स्कायड्रॉलसारखा हायड्रॉलिक द्रव आतल्या पेशी मारतो. सुरुवातीला फक्त टोचल्याची खूण दिसते, सूज आणि ठणका काही तासांनी येतो. तोवर थांबलात तर बोट गमवावं लागू शकतं. अंगठी काढा, हात उंच धरा, चोळू-दाबू नका, शेकू नका, काही खाऊपिऊ नका. कॅज्युअल्टीत ‘हाय-प्रेशर इंजेक्शन’ हेच शब्द वापरा आणि द्रवाचं सेफ्टी डेटा शीट (त्याच्या धोक्यांची माहिती देणारा कागद) सोबत न्या, नाहीतर धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन घरी पाठवतील. एम्स मिहानमध्येच आहे. हाताचा किंवा प्लास्टिक सर्जन हजर आहे का, हे वाटेतच फोनवर विचारा.

गळती हातानं कधीच शोधू नका. लांब धरलेला पुठ्ठा फिरवा, डोळ्यांवर गॉगल हवाच. नट आवळायचा तो पंप बंद करून, मॅन्युअलप्रमाणे दाब उतरवून, गेज शून्यावर आल्यावरच. पंप बंद झाला तरी अॅक्युम्युलेटरमध्ये (दाब साठवणाऱ्या टाकीत) दाब राहतो, हे नव्यांच्या लक्षात येत नाही. दाब परत चढवताना फ्लॅप (पंखाची झडप), रडर (शेपटीचं सुकाणू), गिअर डोअर (चाकांच्या कप्प्याचं दार) हलतात, तेव्हा तिथे कुणाचाही हात नको.

लॉकवायरचं सोपं आहे. ०.०३२ इंची तारेला इंचाला ६ ते ८ पीळ द्या. शेपटी, म्हणजे तारेचं उरलेलं टोक, पाव ते अर्धा इंच ठेवून आत वळवा. बोटं सोलतात ती बहुधा न वळवलेल्या शेपटीनं. कापताना तुकडा दुसऱ्या हातानं धरा, नाहीतर तो उडून डोळ्यात जातो.

तारेसाठी पातळ कट-रेझिस्टंट मोजे घाला, स्कायड्रॉलसाठी द्रवाच्या डेटा शीटमध्ये सांगितलेले. मे महिन्यात घामानं मोजे काढावेसे वाटतात, म्हणून जास्तीचा कोरडा जोड जवळ ठेवा. ड्रिल किंवा फिरतं यंत्र हाताळताना मात्र मोजे नकोतच. कापडाचा एक धागा ड्रिलच्या फिरत्या बिटला गुंडाळला की बोट त्याच्यामागे ओढलं जातं.